काकाजींचे अलिप्त धोरण

शुद्धलेखनाच्या चुका होतील आणि अक्षर तर कोंबडीचे पाय, त्याची माफी असावी. मी चौथीपर्यंतच शिकले. पण आमच्या काकाजींविषयी लिहायचंच आहे, कारण दिल्लीत बसणाऱ्यांनासुद्धा साऱ्या जगाची जेवढी काळजी नसेल, तेवढी आमच्या ह्या चुलत सासऱ्यांना होती. गांधीबागेच्या बाजारात कापडाच्या दुकानात ते गज घेऊन कापड मोजत. एखादी बाई पातळाचा रंग निवडत असली की हे तिला विचारत, "बाई, त्या दोन बड्या देशांचं जमन काय हो?" ती बिचारी पातळ न घेताच उठून जाई.

घरात वाटण्या झाल्या होत्या. एका बाजूला माझी चूल, दुसऱ्या बाजूला जाऊबाईंची, आणि मधल्या खोलीत एकटे काकाजी. ते पोळी माझ्याकडची खात आणि भाजी जाऊबाईंकडची. जाऊबाईंनी एकदा पोळ्याही पाठवल्या, तर त्यांनी त्या परत केल्या. "मदत घेतो, पण कोणाच्या गटात जात नाही," म्हणाले. भाजीत मीठ कमी पडलं की अंगणात उभे राहून "आम्ही चिंता व्यक्त करतो" असं मोठ्याने सांगत. पोळी करपली तर "तीव्र निषेध" होई. जाऊबाई हसून म्हणायच्या, "काहून वं लहानी, आज तुझा निषेध झाला म्हणते?" मी पदर तोंडाला लावायची.

मग दोन भावांत अंगणावरून बिनसलं. भिंत घालायचं ठरलं आणि विहीर माझ्या भासऱ्यांच्या, म्हणजे मोठ्या दिरांच्या हद्दीत चालली. पाणी काय, रस्त्यावरच्या नळाचं आणता आलं असतं. पण मी मुलखाची भिडस्त. त्या घरात मी मोकळं बोलायची ते जाऊबाईंशी, आणि तेही विहिरीवर धुणं धुताना. धीर करून मी काकाजींना म्हटलं, "तुम्ही काही बोला ना."

"मी अलिप्त आहो," ते म्हणाले आणि पेपर वाचू लागले. मला फार वाईट वाटलं. त्या दिवशीची पोळी मी न बोलताच ठेवून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवंड्याने दोरी लावली, तर काकाजींची बाज बरोबर दोरीवर, आणि बाजेवर काकाजी.

"बाबा, उठा ना, दोरी दबून राहिली," गवंडी म्हणाला.

"आधी बैठक होईल, मंग भिंत."

आमच्या ह्यांना राग आला. "काका, तुम्ही तर तटस्थ होते ना?"

"तटस्थ नाही गा, अलिप्त! तटस्थ माणूस काठावरून पाहते. अलिप्त माणूस कोणाचाच नसते, म्हणून त्याले मधात बसता येते." मग माझ्या दाराकडे वळून म्हणाले, "लहानी, तू बोल. जगाच्या सभेत लहान देशालेबी एक मत असते."

मी दाराआडूनच बोलले, "भिंत घाला. पण विहीर दोघींची राहू द्या. ह्या घरात मी जाऊबाईंशीच बोलते."

ह्यांनी मान खाली घातली. पलीकडच्या दारातून जाऊबाईंचा आवाज आला, "मलेबी तसंच वाटते."

"ठराव मंजूर," काकाजी म्हणाले आणि बाज उचलायला त्यांनी दोन्ही पुतण्यांना हाक मारली.

भिंत झाली. विहिरीपाशी येऊन थांबते आणि विहीर ओलांडली की पुन्हा सुरू होते. त्यानंतर घरात काही ठरायचं असलं की काकाजी मला मत विचारायचे, आणि मी खाली बघत का होईना, सांगायची.

काकाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला कोणी विचारत नाही. मीच आपली सांगून टाकते.