न वाजणारा डबा

मंडळी, आज सोसायटीच्या भोंडल्यापायी माझ्या स्कूटरला पार्किंगमधून हाकललं. तीव्र निषेध.

तरी लेकीला घेऊन गेले. गाणी संपली आणि डबे हलवून खिरापत ओळखायची वेळ आली. मुलुंडात नुकतीच राहायला आलेली सातवीतली सई डबा हलवत होती, पण आवाजच येईना. मी म्हटलं, "रिकामाच आणलास का गं?" सगळे हसले. सईचा चेहरा पडला.

आत शिरा होता. कुणाला ओळखता येऊ नये म्हणून मुद्दाम मऊ खाऊ, तोही पहिल्यांदाच स्वतः केलेला.

लेक पुटपुटली, "आई, प्रत्येक वेळी बोलायलाच हवं का तुला?"

सई मान खाली घालून वाढत माझ्यापर्यंत आली. चेष्टा सगळ्यांसमोर केली होती, म्हणून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सई, चुकलं माझं."