जिनेवाबाईचा पत्ता

मिलमधल्या बायका घरी यायच्या तेव्हा त्यांच्या केसांत कापसाचे तंतू अडकलेले असायचे. कितीही झटका, एखादा राहायचाच. टिमकी मोहल्ल्यातल्या आमच्या पाळणाघराचे किस्से माझ्याकडे असेच राहिलेत. कोणी मैत्रीण आली, चहा झाला, की एक निघतो आणि त्याला लागून दुसरा. ऐकणाऱ्या हसतात. मी मात्र सांगता सांगता अजून तापते! हल्ली इंग्रज जायच्या गोष्टी चालल्यात, पण माझा राग काही जायचं नाव घेत नाही.

*

सुरुवातच माझ्या फजितीची आहे. मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते. मिलमध्ये जाणाऱ्या आया तान्ह्या लेकरांना अफूची बाळगोळी देऊन दिवसभर निजवतात, हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. चार पानी भाषण लिहिलं, 'अफूचे दुष्परिणाम', आणि एका रविवारी मारुतीच्या ओट्यावर उभी राहिले.

रीळखात्यात सूत गुंडाळणारी सगुणा पाच महिन्यांच्या चंद्रीला घेऊन पुढेच बसली होती. भाषण संपेपर्यंत तिनं डोळ्याची पापणी हलवली नाही. मग उठली.

"बाई, माह्या पयल्या पोट्टीले मी गोळी देल्ली होती. झोपली ते उठलीच नाही. रडली असती तं कोनी धावलं असतं. हिले नाही देत मी. पन उद्या भोंगा वाजला का मी दहा घंटे मिलमध्ये. तुमी घ्या हिले!"

आणि चंद्री माझ्या हातांत. भाषणाची चारही पानं चंद्रीनं तिथल्या तिथे ओली केली.

पाळणाघर असं सुरू झालं. मारुतीचा ओटा, लुगड्यांच्या चार झोळ्या, भागाबाई नावाची एक म्हातारी सुईण आणि शाळेत रजा टाकलेली मी. ती रजा अजून संपलेली नाही.

*

ओटा मिलपासून लांब. तिकडे यंत्रापाशी उभ्या बायकांचं लुगडं दुधानं भिजायचं, इकडे पोरं भुकेनं लालबुंद. आमची मागणी एकच होती: मिलच्या फाटकाच्या आत एक खोली द्या, आणि दिवसातून दोनदा पाजायला सोडा.

मॅनेजर साहेबांनी मान हलवली. "जागा नाही."

त्यांच्या खिडकीतून त्यांच्या घोड्याचा तबेला दिसत होता. कौलारू, झाडलेला, पाण्याचा हौद, दिमतीला दोन माणसं! सगुणानं तो नीट पाहून घेतला.

"साहेब, माह्या पोट्टीले घोडी म्हनून लिहून घ्या ना. राहीन ते तिथं."

"ही काय म्हणते?" साहेबांनी मला इंग्रजीत विचारलं. मी शब्दाला शब्द सांगितला. आम्हाला बाहेर काढायला दरवान आला!

*

मग सिव्हिल लाइन्समधून एका कमिटीच्या बायका मोटारीतून आल्या. नाकाला रुमाल. झोळ्या पाहिल्या, ओटा पाहिला, आणि आम्हाला समजावून सांगितलं की मूल रडलं म्हणून लगेच पाजू नये, घड्याळ पाहून पाजावं. दर तीन तासांनी. रेग्युलर! त्यासाठी एक मोठं भिंतीवरचं घड्याळ भेट म्हणून आणलं होतं. आया कुठे आहेत, हे एकीनंही विचारलं नाही.

मोटार गेल्यावर भागाबाईनं त्या काट्यांकडे बोट दाखवलं.

"बरं झालं बाई. दूध केव्हा भेटत नाही, हे आता बरोब्बर समजन."

*

त्यानंतर विलायतेहून एक मडम मिलमधल्या बायकांची चौकशी करायला आली. वागायला चांगली होती, ते मी नाकारत नाही. ओट्यावर मांडी घालून बसली, वही उघडली. दुभाषी मी. शेजारी मॅनेजर साहेब, बायका काय बोलतात त्यावर लक्ष ठेवायला.

पहिलाच प्रश्न: "लेकरांना अफू देण्याची तुमच्यात प्रथा कधीपासून आहे?"

प्रथा! माझे कान तापले. पण सगुणानं शांतपणे उत्तर दिलं, "मिल सुरू झाली तवापासून."

मडमची पेन्सिल थांबली. तिनं काहीतरी खोडलं आणि विचारलं, "खोली कशी हवी?"

"कशीबी चालन. पन पोट्टी रडली तं मले ऐकू आलं पाहिजे."

मी भाषांतर करताच साहेब मोठ्यानं हसले. खात्यात यंत्रांचा असा आवाज, की कानात ओरडलं तरी कळत नाही, आणि हिला लेकराचं रडणं ऐकू येणार!

"तुमाले नाही येनार साहेब," सगुणा म्हणाली. "आमाले येते."

मडमनं तेही लिहून घेतलं. जाताना म्हणाली, हे सगळं मी जिनिव्हाला कळवीन, तिथे देशोदेशीची माणसं बसून जगातल्या कारखान्यांचे नियम ठरवतात. मी भाषांतर केलं आणि तिथेच घोळ झाला.

"कोन वं हे जिनेवाबाई?" एकीनं विचारलं.

"अगं, बाई नाही. गाव आहे ते!"

"मंग नाव बाईसारखं काहून?"

"लेकरं असतीन ना तिले?" दुसरीनं विचारलं.

मी जमिनीवर कोळशानं नकाशा काढला. हा समुद्र, हे डोंगर, हे जिनिव्हा. भागाबाईनं नकाशा पाहिला आणि बायकांना हळूच सांगितलं, "आपल्या मास्तरीनबाईले मालूम नाही वं."

*

त्या दिवसापासून मोहल्ल्यात तेच. मुकादम खेकसला, "सांगू जिनेवाबाईले!" दरवानानं फाटकात अडवलं, "थांब गा, जिनेवाबाईले चिठ्ठी लिहून राहिलो आमी!" मला शरम वाटायची. इतकं शिकवून हे अज्ञान!

दरवान बिचारा घाबरला आणि साहेबांपुढे जाऊन उभा राहिला. "हुजूर, ये औरतें जिनेवा को चिट्ठी भेज रही हैं."

जिनिव्हा म्हणजे काय, हे त्या मिलमध्ये एकट्या साहेबांनाच ठाऊक होतं. आठ महिने माझे शुद्ध इंग्रजीतले अर्ज त्यांच्या टोपलीत पडून होते. आता आठ दिवसांत खोली मिळाली! लेकरांची दया येऊन नाही हं, बोभाट्याच्या भीतीनं. कुठे मिळाली म्हणाल? तबेल्याला लागून.

पहिल्याच आठवड्यात सगुणा हातातलं सूत सोडून धावत सुटली. मुकादम ओरडला, "कुठं चालली?"

"पोट्टी रडून राहिली!"

खोटं पकडायला तो मागोमाग गेला. खोलीत चंद्री टाहो फोडत होती. त्यानंतर त्यानं सगुणाला कधी अडवलं नाही.

*

आता शेवटचा किस्सा. चंद्री शाळेत जायला लागली होती. एक इन्स्पेक्टर कारखान्यांच्या नियमांची छापील पुस्तिका घेऊन मिल-मिल फिरत होते, आमच्याकडेही आले. बायकांना समोर बसवून त्यांनी एकेक कलम मराठीत समजावलं. भिंती अशा, खिडक्या तशा. आणि मग, "लेकरांची खोली अशा जागी असावी, की मूल रडलं तर आईला कळेल."

मी ताडकन उठून उभी राहिले. "हे कोणी सुचवलं?"

"मोठमोठ्या तज्ज्ञांनी, बाई. जिनिव्हाला ठरलंय. फार खोल विचार आहे त्यामागे, या बायकांच्या लक्षात नाही यायचा."

माझ्या तोंडाशी शब्द आले होते. एकेक असा सुनावणार होते, की इन्स्पेक्टर टोपी विसरून पळाले असते! तेवढ्यात सगुणानं माझा पदर ओढला. तिचे डोळे भरून आले होते. ती माझ्याकडे पाहत नव्हती, त्या पुस्तिकेकडे पाहत होती.

"बसा बाई," ती म्हणाली. "जिनेवाबाईचंबी एखादं लेकरू गेलं असन."