न्हाऊ घालणारे हात

ऐंशीच्या दशकात ओहायोत आम्हा मराठी बायकांची बाळंतपणं दोन प्रकारची असायची. आईला व्हिसा मिळाला त्यांची आणि नाही मिळाला त्यांची. माझं दुसऱ्या प्रकारचं. पण आमच्यासारख्यांसाठी कोलंबसमध्ये एक मावशी होत्या. मूळच्या नगरकडच्या, ख्रिस्ती, हॉस्पिटलात नर्स, एकट्या राहायच्या. रात्रपाळी संपली की त्या सकाळी नऊला शेजारच्या डब्लिन गावात आमच्या घरी यायच्या, कपडे बदलून जुनं सुती पातळ नेसायच्या, बाथटबमध्ये पाटावर बसून पाय पसरायच्या आणि म्हणायच्या, "आण गं माझ्या राणीला."

आधी तेल, मग साय आणि डाळीचं पीठ, मग सोसेल इतकं कढत पाणी. शेवटी ओवा-वावडिंग आणि धूप घालून धुरी. धुरी दिली की स्मोक अलार्म बोंबलायला लागायचा आणि मी टाके सांभाळत खाली उभी राहून त्याला वर्तमानपत्रानं वारा घालायची. बाळंतिणीला विश्रांती हवी म्हणतात, ती ही अशी. मुलगी मात्र मावशींच्या पायावर डोळे मिटून पडलेली असायची. माझ्याकडे आली की रडायची. मला त्याचा जरा रागच यायचा.

न्हाऊ घालताना मावशी गोष्टी सांगायच्या. त्यांच्या पहिल्या मंडळीच्या, म्हणजे येशूनंतरच्या दोन-तीन शतकांतल्या ख्रिस्ती लोकांच्या. पण सांगायच्या अशा, की जणू गावाकडून कालच पत्र आलंय. "आमच्या लोकांना सांगितलं, राजाच्या मूर्तीपुढे चिमूटभर धूप टाका आणि सुटा. नाही टाकला बघ! सिंहापुढे गेले, पण धूप नाही." हे बोलताना त्यांच्या स्वतःच्या हातात माझ्या मुलीच्या धुरीची चिमूट असायची. मी हसायची, मग त्याही हसायच्या.

त्यांची लाडकी गोष्ट साथीची. शहरात मोठी साथ आली, लोकांनी घरातली आजारी माणसं जिवंतपणी रस्त्यावर काढून ठेवली आणि पळ काढला. मावशींचे लोक तेवढे मागे राहिले. परक्यांना पाणी पाजलं, त्यांची अंगं पुसली, गेलेल्यांना न्हाऊ घालून पुरलं, आणि त्यातले कितीतरी स्वतःच त्या साथीत गेले.

"त्यांना भीती नसेल वाटत?" मी विचारलं होतं.

"न वाटायला काय झालं! हात थरथरत असतील. पण पाणी पाजायचं काय थांबतंय त्यानं?"

मला त्या गोष्टी आवडायच्या. दुसऱ्याच्या घरातल्या होत्या, त्यामुळे मला काही करावं लागत नव्हतं.

बाळाला महिना व्हायला आला होता. त्या दिवशी मावशी खुशीत होत्या. मुलीच्या पाठीला पीठ चोळता चोळता म्हणाल्या, "अगं, माझा वॉर्ड बदलला. एड्सच्या पेशंटना घ्यायला कुणी तयार होईना, मी नाव दिलं. एक पोरगा आहे, पंचविशीचासुद्धा नसेल. जेवणाचा ट्रे दाराबाहेर ठेवून जातात. आई दारापर्यंत येते आणि परत जाते. काल मी त्याचे पाय पुसले, तेल चोळलं, तर रडायलाच लागला. म्हणाला, दोन महिन्यांत ग्लोव्हजशिवाय कुणी हात लावला नाही. इतका उंच आहे गं, नाहीतर त्यालाही असाच पायावर घेतला असता."

मी पुढे झाले आणि मुलीला उचलून घेतलं. पिठासकट, तेलासकट, तशीच. ती किंचाळायला लागली.

मावशी रिकामे पाय पसरून तशाच बसून राहिल्या. नळ चालूच होता. मग उठल्या, सिंकखालची ब्लीचची बाटली काढली आणि टब घासायला लागल्या. पाट घासला, लोटा घासला. जाताना दारात म्हणाल्या, "सगळं धुतलंय. भीती धरू नकोस."

आता जे सांगायचं ते सांगायला मला लाज वाटते, म्हणून पटकन सांगते. मी अडाणी नव्हते. मी लॅबमध्ये काम करत होते. बाळंतपणाच्या आदल्या आठवड्यापर्यंत त्याच आजाराच्या पेशंटच्या रक्ताच्या नळ्या माझ्या हातांखालून जात होत्या. हात लावून हा रोग होत नाही, हे मावशींच्या आधी मला माहीत होतं. तरी मी मुलीला उचललं. संध्याकाळी नवरा म्हणाला, "बरं केलंस, रिस्क कशाला?" आणि मी, कुणालातरी सांगितल्याशिवाय राहवेना म्हणून, एका मैत्रिणीला फोन केला. एकीलाच. आठवडाभरात गावातल्या एकूण एक बाळंतिणींनी मावशींना कॅन्सल केलं.

मी मुलीला उचललं त्याच्या दुसऱ्याच दिवशी बरोबर नऊला मावशींचा फोन आला होता. "पाट मांडलास का? मी सांगते तसं कर." मी बेडरूममधल्या फोनची वायर बाथरूमपर्यंत ओढली आणि रिसीव्हर बेसिनवर ठेवला. "पाणी कोपरानं बघ. मानेखाली हात घे. कानात पाणी जाऊ देऊ नकोस. रडू दे, घाबरू नकोस, तू घाबरलीस की तिला कळतं." रात्रभर त्या वॉर्डात उभं राहून आलेली बाई मला आठ दिवस असं शिकवत होती. मी एकदाही सॉरी म्हटलं नाही. नवव्या दिवशी त्या म्हणाल्या, "आता जमतंय तुला," आणि त्यानंतर फोन आला नाही.

मुलगी आठ महिन्यांची झाली तेव्हा कळलं, मावशी गाव सोडून चालल्यात. दुसऱ्या एका शहरात अशा पेशंटसाठी एक घर उघडलं होतं, तिथे. मी मुलीला गाडीत घातलं आणि त्यांच्या अपार्टमेंटवर गेले. दोनच खोके भरलेले होते. त्यांनी मला चहा केला, स्वतःलाही घेतला, जणू मी रोज येत होते.

"तो मुलगा?" मी विचारलं.

"गेला. पण त्याची आई आली शेवटी. आत आली. अंग कसं पुसायचं ते मी तिला दाखवलं. हात इतके कापत होते बिचारीचे, पण पुसलं तिनं."

मला बसवेना. वाटलं, आत्ता, याच मिनिटाला मावशींच्या हातात माझी मुलगी द्यायची. माफी मागण्याचा दुसरा मार्ग मला सुचत नव्हता. मी उठले आणि म्हटलं, "मावशी, घ्या ना हिला."

त्यांनी पदराला हात पुसले. कोरडेच होते, तरी पुसले. मग माझ्याकडे बघून विचारलं, "घेऊ?"

मी मान हलवली. त्यांनी हात पुढे केले आणि मुलीनं टाहो फोडला. माझ्या गळ्याला मिठी मारली, तोंड फिरवलं, पाय झाडायला लागली. मी तिला सोडवायला बघत होते, अगं आजी आहे, आजी आहे म्हणत होते, आणि ती आणखीच घट्ट धरत होती. मावशींचे हात थोडा वेळ तसेच पुढे राहिले. मग त्यांनी ते मागे घेतले.

"राहू दे गं, नको रडवूस," त्या म्हणाल्या. हसल्या, पण डोळे भरले होते. "ओळखत नाही ती मला."

आठव्या महिन्यात मुलं परकं माणूस बघून रडतातच, असं मला पुढे डॉक्टरांनी सांगितलं. असेल. पण मावशींना तिच्यासाठी परकं मी केलं होतं.