पुढच्या चाकाचा चेकनट

मधू राऊतांकडे अकरा इटालियन रेसिंग सायकली आहेत आणि बाजारात जायला ते रिक्षा करतात. हे वाक्य त्यांच्या बायकोचं, सरलावहिनींचं. पाहुण्यांपुढे पोह्यांची बशी ठेवताना त्या ते हमखास ऐकवतात आणि मधूभाऊ गुडघ्यावर हात ठेवून हसतात, दुसरं करणार काय! गुडघे चार वर्षांपूर्वीच गेले. सायकली मात्र वसईजवळच्या भुईगावच्या वाडीत, एके काळी जिथे केळी पिकत घालायचे त्या शेडमध्ये, वाशांना टांगलेल्या आहेत. खाऱ्या हवेने गंजू नयेत म्हणून प्रत्येकीला जुन्या धोतराच्या फडक्याने तेल चोळलेलं.

इतक्या इटालियन सायकली वसईत आल्या कुठून, असं शहाणी माणसं विचारतात. दोन सायकली जहाजावर नोकरी केलेल्या गाववाल्यांनी आणलेल्या, तीन मुंबईतल्या पारशी घरांच्या माळ्यावरून उतरलेल्या आणि उरलेल्या भंगारात सापडलेल्या. मधूभाऊ पस्तीस वर्षं गोरेगावच्या एका टूलरूममध्ये तपासनीस होते. दुसऱ्याने केलेल्या कामातली चूक शोधायची आणि त्यावर लाल खूण करायची, हा त्यांचा धंदा. इटलीतले कारखाने सायकलच्या सुट्या भागांवर सालाची बारीकशी खूण ठोकत, कुठे दोन आकडे, कुठे चौकटीत एकच. ती शोधून सायकल कुठल्या सालची ते ठरवायचं, या नादाला ते लागले आणि मग सुटले नाहीत.

आज पुण्याहून, बंगळुरूहून, पार कोलकात्याहून लोक त्यांना फोटो पाठवतात. मधूभाऊ उत्तरादाखल एका कार्डावर सुवाच्य अक्षरात साल लिहून खाली सही करतात. राऊतांचं कार्ड मिळालं की वाद संपला, असं या वेड्या लोकांमध्ये मानतात. त्यांचा नियम एकच: सात जागा पाहिल्याशिवाय साल सांगायचं नाही. दोन्ही चाकांच्या आसांवरचे चेकनट, पेडलच्या क्रँकची मागची बाजू, गिअरची पट्टी, ब्रेक, पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची आतली नळी आणि फ्रेमखालचा नंबर. सातांतली एक जरी राहिली तरी कार्ड कोरं राहतं.

पण हल्ली त्यांना या सगळ्याचा कंटाळा येत होता. दोन महिन्यांचे मेसेज तसेच पडून होते. कोणाची सायकल एकोणऐंशीची निघाली काय आणि ऐंशीची निघाली काय, कोणाचं काय अडलंय, असं ते सरलावहिनींना म्हणाले होते. वहिनींनी तेव्हा त्यांच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी टेम्पो दारात थांबला. खाली उतरली ती पास्कलची मुलगी डायना, वसईतल्या एका शाळेत शिकवणारी. पास्कल म्हणजे दोन वाड्या सोडून राहणारा जहाजावरचा फिटर, मधूभाऊंचा लहानपणापासूनचा जोडीदार, गेल्या मार्चमध्ये वारलेला. टेम्पोत त्याची सायकल होती.

"मधू अंकल, सायकल डेट करून पाहिजे, कुठल्या सालची ते," डायना म्हणाली. "पुढच्या महिन्यात पप्पांची वर्षाची मिस्सा आहे चर्चमध्ये. त्याच्या आधी मला कळायला पाहिजे."

"काय कळायला पाहिजे?"

"पप्पा खरं बोलत होते की खोटं. आता ते दुखावणार नाहीत. जे असेल ते सांगा, मला चालेल."

मधूभाऊंनी सायकल उतरवून घेतली. चहाचं विचारायचंही त्यांना सुचलं नाही.

आता हे खरंखोटं काय, ते सांगायला हवं. एकोणीसशे चौऱ्याण्णव साली याच डायनाचं पहिलं कम्युनियन झालं, म्हणजे ख्रिस्ती घरातली मुंज म्हणा. पास्कलच्या अंगणात मंडप, पोरगी पांढऱ्या फ्रॉकमध्ये, बँडवाले जेवायला बसलेले, आणि मोठ्यांच्या पोटात दोन-दोन पेग गेलेले. पास्कलने सवयीप्रमाणे सायकल बाहेर काढली आणि सवयीप्रमाणेच गोष्ट सांगितली. पहिलं जहाज त्र्याहत्तरला इटलीच्या बंदराला लागलं, पहिल्या पगारातून ही सायकल घेतली, गावी आणून सणाच्या दिवशी चर्चच्या आवारात आईपुढे चालवून दाखवली. बाप लहानपणीच गेलेला, आईने भाजीच्या टोपल्या वाहून वाढवलेलं. तिने सायकलला हात लावून तो हात कपाळाला लावला. पंचाहत्तरच्या ईस्टरला ती गेली. आपलं काहीतरी चांगलं झालेलं आईने डोळ्यांनी पाहिलं, एवढीच त्या माणसाची कमाई होती आणि ती तो दर सणाला चार लोकांत वाटायचा.

मधूभाऊ तेव्हा अडतिसाचे होते आणि दोनच महिन्यांपूर्वी एका परदेशी मासिकात त्यांनी चेकनटवरच्या सालाबद्दल वाचलं होतं. नवी विद्या अंगात मावत नव्हती. ते मागच्या चाकाशी बसले, रुमालाने नट पुसला आणि मोठ्याने म्हणाले, "पास्कल, ही तर अठ्ठ्याहत्तरची आहे रे! तुझ्या आईने काय वरून पाहिली?"

मंडप हसला. जेन्सन नावाचा एक वात्रट मामा होता, त्याने तिथल्या तिथे पास्कलचं बारसं केलं: अठ्ठ्यात्तर. पास्कल एवढंच म्हणाला, "नीट बघ, मधू." मधूभाऊ म्हणाले, "बघितलं की." मग पास्कलने सायकल उचलून आत नेली.

नाव चिकटलं. दूधवाला त्याला अठ्ठ्यात्तर म्हणू लागला, पोरं म्हणू लागली, पुढे तर नाव कशावरून पडलं ते माहीत नसलेले लोकही म्हणू लागले. मयताच्या दिवशी रिक्षा स्टँडवर "अठ्ठ्यात्तर गेला" अशीच बातमी होती. दोघांचं बोलणं त्या मंडपात तुटलं ते तुटलंच. मधूभाऊ दफनाला गेले, पण फाटकाबाहेर उभे राहून परत आले.

लोकांना यातलं एवढंच माहीत आहे. जे माहीत नाही ते असं. कम्युनियननंतर दोन वर्षांनी मधूभाऊंना एक जाडजूड कॅटलॉग मिळाला. त्यात पहिल्याच पानावर ताकीद होती की एका नटावरून साल ठरवू नये, चाकं बदललेली असतात, निदान मागचं तरी. मधूभाऊंनी तो परिच्छेद तीनदा वाचला. पास्कलचं पुढचं चाक आपण पाहिलंच नव्हतं, हे त्यांच्या लख्ख लक्षात आलं. जायचं आणि वाकून बघायचं, दहा मिनिटांचं काम. पण पुढच्या नटावर दुसरं साल निघालं तर? तर आपण एका माणसाला त्याच्या मेलेल्या आईवरून भरल्या मांडवात खोटं पाडलं, असं होणार होतं. ते गेले नाहीत. पुढच्या वर्षी तर आणखीच नाही. सात जागांचा तो नियम त्यांनी त्याच आठवड्यात केला आणि जगभराच्या सायकलींना लावला, एक सोडून. कामावरून परतताना बसमधून उतरून ते रोज पास्कलच्या दारावरून जात आणि तेवढ्या पन्नास पावलांपुरती मान खाली घालत. माणूस अशाने थकतो.

म्हणून डायना गेल्यावर सायकल शेडमध्ये दोन दिवस तशीच उभी राहिली. तिसऱ्या दिवशी सरलावहिनी म्हणाल्या, "बघायची नसेल तर परत पाठवा. त्या पोरीला झुलवत ठेवू नका."

मधूभाऊंनी काम उलट्या टोकाने सुरू केलं. आधी क्रँक, मग गिअर, मग ब्रेक. सगळं गंजून एकजीव झालेलं. चिमटा तर आठ दिवस तेलात भिजवल्यावर सुटला. क्रँकवर चौकटीतला तीन दिसला. गिअरच्या पट्टीवर ७३. चिमट्याच्या नळीवर, फ्रेमच्या खाली, जिथे तिथे तेच साल डोकं वर काढत होतं. मागच्या चाकावर ७८, ते तर पाठच होतं. सहा जागा झाल्या. कुठल्याही दुसऱ्या सायकलीचा निकाल एवढ्यात लागला असता, पण त्यांनी स्टूल ओढलं आणि पुढच्या चाकासमोर बसले.

रॉकेलचं फडकं हातात घेतलं आणि ते तसंच राहिलं. पुसायला काही नव्हतंच. अख्ख्या सायकलवर गंजाचे पोपडे आणि पुढचा चेकनट तेवढा स्वच्छ, ग्रीसचा पातळ हात फिरवलेला. ७३ हा आकडा चष्म्याशिवायही वाचता येत होता.

त्यांनी डायनाला फोन लावला. "पुढच्या चाकाला कोणी ग्रीस लावलंय का गं?"

"पप्पा लावायचे ना. दर रविवारी मिस्साहून आले की. बाकी सायकलला हात नाही, फक्त तो एक नट. आम्ही हसायचो त्यांना. का, अंकल? काही खराब झालं का?"

"नाही," मधूभाऊ म्हणाले. "काही खराब झालेलं नाही. तुझे पप्पा खरं बोलत होते."

मग डायना म्हणाली, "थँक यू, अंकल," आणि रडायला लागली. तिने आभार मानले हे मधूभाऊंना सहन होईना. त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कार्ड लिहिलं. एरवी दोन ओळींत संपणारं कार्ड दोन्ही बाजूंनी भरलं. सायकल १९७३ची, मागचं चाक नंतर बदललेलं. १९९४ साली मी एकच जागा पाहून भर मंडपात १९७८ सांगितलं, ते चुकीचं होतं, आणि ते चुकीचं असावं हे मला १९९६पासून माहीत होतं. खाली पूर्ण नाव, सही. सरलावहिनींनी ते वाचलं. टोमणा मारायची ही उत्तम संधी होती, पण त्यांनी नुसती छत्री काढून दिली, उन्हाची.

पास्कलच्या पडवीत त्याची बायको फ्लॉसी वालपापडी सोलत बसली होती. ती मूळची पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली, बोलणं अजून तिकडचंच. लग्न होऊन आली तेव्हापासून ती मधूभाऊंना एकेरी हाक मारायची. एकतीस वर्षांनी फाटक उघडून आत आलेला माणूस बघून तिने पायाने स्टूल पुढे सरकवलं.

मधूभाऊंनी कार्ड पुढे केलं. "फ्लॉसी, सायकल त्र्याहत्तरची आहे. मागचं चाक बदललेलं होतं. मी चुकलो."

"मला म्हायती हाय," फ्लॉसी म्हणाली. "आमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्साला बदललं. केळीचा लोंगर बांधून बाजारात नेला, त्यात एक्सल तुटला. रेसची सायकल नि वर लोंगर! मंग पुढच्या खेपेला तिकडूनच चाक घेऊन आला."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस? सगळ्यांसमोर बोलायचं!"

"बोलनारच होते. त्याने माजा हात धरला. म्हनाला, मधू तपासनीस हाय, आज जरा प्यालाय. उद्या त्याची त्यालाच चुटपुट लागेल आनि तो पुढचं चाक बघायला येईल. कोनी सांगायचं नाय त्याला."

मधूभाऊ स्टुलावर बसले.

"परवा येईल म्हनायचा, सनाला येईल म्हनायचा. मंग म्हनायचं सोडून दिलं. पन सायकल पडवीतून हलवू देईना. पोरीने किती वेळा सांगितलं, भंगारात द्या. आयकलं नाय."

"रविवारी मिस्सानंतर मी सगळ्यांसमोर सांगतो," मधूभाऊ म्हणाले. "पास्कल खरा होता म्हणून. माईकवरून सांगतो."

"कोनाला सांगशील? हसनारे सगळे त्याच्याच बाजूला जाऊन पडलेत. जेन्सनमामाला जाऊन बारा वर्सं झाली. आता ज्यांना सांगशील ते इचारतील, कसली सायकल?" ती रागावलेली नव्हती, दमलेली होती. कार्ड तिने वाचलंच नाही. चष्मा आत होता आणि उठायचा तिलाही कंटाळा होता. शेंगांच्या ताटाखाली कोपरा दाबून तिने ते उडू नये असं ठेवलं.

ती शेंगा सोलत राहिली.

"जायच्या आधी आठ दिस असतील," ती म्हणाली, "खाटेवरून मला इचारलं, मधू रिटायर झाला का गं? मी म्हटलं, कवाच, आठ वर्सं झाली. तर म्हनाला, मंग येईल आता. कामाच्या धबडग्यात राहून गेलं असेल त्याचं. आता वेळ असेल त्याच्याकडे."

मधूभाऊंना रडू आवरेना. साठी कधीच उलटलेला माणूस, पडवीत, रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल असा रडला.

"वेळ होता, फ्लॉसी," ते म्हणाले. "पहिल्यापासून होता."

"हां," फ्लॉसी म्हणाली, आणि तिने पुढची शेंग उचलली.