स्पीकरवरचं कुंकू

आधी ताईंचं सांगतो. ताई नाशिकच्या. कतारमध्ये दोह्याच्या बिन महमूद भागात नवरा आणि दोन मुलांसोबत राहतात, आणि मी ज्या हॉटेलात आहे तिथल्या ऑफिसात लायसनचे कागद बघतात. मी आज दोह्यात आहे तो त्यांच्यामुळे. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाला हे नीट सांगता यावं, एवढीच इच्छा.

मी हॉटेलच्या बारमध्ये स्टेज लावतो. वायरी ओढायच्या, स्पीकर उचलायचे, गाणारे गेले की सगळं गुंडाळायचं. इथं दारू मिळते ती परवानगीच्या जागीच, आणि गाण्याला वेगळी परवानगी. मागच्या वर्षी कळलं की हे सगळे नियम नव्याने तपासणार. दारू देतात तिथं गाणं असावं का, यावरही विचार चालला होता म्हणे. गाणं बंद तर आमचं काम बंद, आणि काम बंद तर व्हिसा खलास. आईला फोनवर मी नुसतं "बरंय, बरंय" म्हणत होतो.

त्यातच दसरा आला. आमच्याकडं दसऱ्याला विळा, कुदळ, सायकलसुद्धा पुजतात. माझं हत्यार म्हणजे स्पीकर. पूजाबिजा खोलीवर करायची, कामावर नाही, असं मॅनेजरनं पहिल्याच दिवशी बजावलेलं. पण पोटात भीती होती, म्हणूनच केली. दुपारी हॉल रिकामा बघून दोन्ही स्पीकरना हळदीकुंकू लावलं, वर झेंडूचं एकेक फूल ठेवलं. म्हटलं, एवढं लायसन टिकू दे.

बारवरचा साताऱ्याचा गडी ग्लास पुसत हसला. "काय रं, स्पीकरचं लगीन लावतोस व्हय? नवरी कंची त्यातली?"

"गप की. पुसतोच आता."

फडकं घेऊन परत येतो तर दारात तपासणीचे लोक. उद्या यायचे ते आजच आलेले. पुढं एक वयस्कर कतारी साहेब, मागं आमचा मॅनेजर, शेवटी ताई.

साहेबांनी बाटल्यांची कपाटं बघितली, कुलपं ओढून बघितली, मग स्टेजकडं वळले. कुंकवावर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. इंग्रजीत विचारलं, हे काय? इथं कसला कार्यक्रम झाला? परवानगी कुणाची?

मॅनेजर असा बघत होता, की बॅग भर म्हणायचंच बाकी. साताऱ्याचा गडी मान खाली घालून तोच ग्लास पुसत राहिला.

ताई पुढं आल्या. मला हळूच म्हणाल्या, "तू काही बोलू नकोस." मग साहेबांशी इंग्रजीत बोलल्या. मला समजलं ते असं, की आज आमचा सण, ज्या हत्यारावर पोट भरतं त्याला आम्ही नमस्कार करतो, कार्यक्रम कसलाच झालेला नाही. आणि शेवटी म्हणाल्या, "याला मी हो म्हटलं होतं, चूक माझी."

मी त्यांना विचारलंच नव्हतं.

साहेब माझ्याकडं वळले. मग हिंदीत म्हणाले, "साफ करो. खलास." मी घाईघाईनं फडकं घासलं, तर कुंकू पुसायच्या ऐवजी पसरतच गेलं.

ताईंना मॅनेजरनं लेखी ताकीद दिली. मी त्यांना जिन्यात गाठलं. "ताई, कशाला हो? तुमची पोरं शाळेत आहेत इथं."

"अरे, मला नुसते ओरडतील. तुला विमानात बसवतील. जा, रडू नकोस, जेवून घे."

पुढं नियम ठरेपर्यंत इंडस्ट्रियल एरियातल्या खोलीवरून कंपनीच्या बसनं कामावर येताना रोज वाटायचं, आज गेटवरूनच परत पाठवतील. शेवटी गाणं राहिलं, फक्त वेळ कमी झाली. मी राहिलो. पण ताईंचं कॉन्ट्रॅक्ट आता संपत आलंय, आणि नवं करताना त्या ताकिदीचा विषय निघेल का, हे त्यांनाही माहीत नाही.

निघाला, तर मी मॅनेजरपुढं उभा राहून खरं सांगणार. इंग्रजी येत नाही, हिंदीत सांगीन. भीती वाटेल, आत्ताही वाटतेय. आणि विषय नाहीच निघाला, तरी ताई, तुमचं हे देणं मी कधीतरी फेडीनच.