वायरमनची तांब्याची गोळी

कृपादान साळवेला वाडीत कुणी नावानं हाक मारत नाही. वायरमन म्हणतात, आणि म्हणताना तोंड दुसरीकडे करतात. जामखेडहून खर्ड्याकडे जाताना आत वळलं की ही वाडी लागते. तिथल्या जवळजवळ प्रत्येक घराची वीज या माणसानं कधी ना कधी तोडली आहे. नोकरीच होती ती. पण शिडीवरून तो खालच्या माणसाकडे ज्या नजरेनं पाहायचा, ती नजर काही वीज कंपनीनं दिलेली नव्हती. निवृत्त झाला तेव्हा शिडी गेली, नजर राहिली.

त्याला ही माणसं आवडत नाहीत. त्यांनाही तो आवडत नाही. याबाबत दोन्हीकडून कधी लपवाछपवी झाली नाही.

तरी मका भरायला लागला की वाडीला त्याच्या फाटकाशी यावं लागतं. पीक राखायच्या परवान्यावरची बंदूक त्याच्या एकट्याकडे आहे. वडिलांची, ठासणीची. नळीत दारू ओतायची, चिंध्यात गुंडाळलेली गोळी गजानं ठासायची, मागं बार पेटवणारी टोपी बसवायची. एक बार काढला की दुसरा भरेपर्यंत काय करायचं ते डुकरानं ठरवायचं. वन खात्याची परवानगी आली की तो पहाटे बांधावर जाऊन बसतो. मारतो, घरी येतो, कुणाशी बोलत नाही.

गोळ्या तो स्वतः शिशाच्या ओतायचा. मग त्याचा बाज्या मेला. बाज्या म्हणजे कुत्रा, कृपादाननं या गावात ज्याच्याशी मऊ आवाजात बोललेलं ऐकू यायचं असा एकमेव जीव. मारून पुरलेलं एक डुक्कर बाज्यानं उकरून खाल्लं होतं. मऊ शिसं हाडावर आपटलं की फुटतं आणि त्याचा विषारी चुरा मांसात पसरतो. कुत्रं थरथरत, भिंतींना धडकत मेलं. नगरच्या जनावरांच्या डॉक्टरनं एक्स-रे उजेडासमोर धरून पोटातले पांढरे ठिपके दाखवले. कृपादान घरी आला आणि शिसं ओतायची पळी त्यानं भंगारात देऊन टाकली.

तांबं फुटत नाही. पण तांबं हलकं. शिशाइतकं वजन आणायचं तर गोळी लांब करावी लागते, आणि लांब गोळी त्या जुन्या गुळगुळीत नळीतून वेडीवाकडी जाते. त्यानं हलकीच गोळी करायचं ठरवलं. हलकी गोळी जोरात सुटते आणि लवकर दमते, म्हणजे जनावराच्या आणखी जवळ बसायला हवं. त्याची हरकत नव्हती. डुकराच्या जवळ बसणं त्याला माणसांच्या जवळ बसण्यापेक्षा कधीच जड गेलं नव्हतं.

भरीव तांबं मात्र हवं होतं. ते त्याच्या घराच्या मागच्या भिंतीशी पुरलेलं होतं. वीज भरकटली तर ती माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जावी म्हणून घराच्या वायरिंगला जोडलेली कांब, आर्थिंग. घर बांधताना त्यानंच खड्डा खणून, मीठ-कोळसा भरून ती बसवली होती. उन्हाळ्यात चर्चहून आला की त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचा आणि रस्त्यानं जाणाऱ्याला ऐकवायचा, "याला घर म्हनत्यात. तुमच्याकडं नुसत्या भिंती." तीच कांब त्यानं उपटली. करवतीनं तुकडे केले, कानशीनं घासले. खड्ड्यात लोखंडी पाईप टाकू म्हणाला. वर फरशी ठेवली. पाईप राहून गेला.

यंदा मच्छिंद्र ढवळेच्या मक्यात त्यानं एक दांडगा नर पाडला. वनरक्षक पंचनाम्याला आला, वाडी जमली. मच्छिंद्रला डुकराच्या पलीकडच्या कुशीत कातडीखाली गाठ लागली. त्यानं ती विळ्याच्या टोकानं काढली आणि धोतराला पुसली.

"तांबं हाय हे."

वर्षभर वाडीतल्या विहिरींवरच्या मोटारींच्या तांब्याच्या केबली चोरीला जात होत्या. चोर सापडला नव्हता. सापडायला तोंडवळा लागतो, आणि तो आता समोर उभा होता.

"वायरमन, शिसं संपलं व्हय बाजारातलं?"

"शिसं मी वापरत न्हाई."

"मंग तांबं कुठलं?"

"माझं हाय."

"तुमचं! खांबावरचं बी तुमचंच हुतं. आमच्या घरातला उजेड बी तुमचाच हुता, पायजे तवा न्हेत हुता."

शेजारच्या रानातली कडूबाई पुढं आली. "माझी केबल गेली तवा मलाच म्हनला ह्यो, म्हातारे, झोपा काढाय रानात येती का."

"केबलीत तार असती," कृपादान म्हणाला. "ही कांब हाय. डोळं उघडून बघ."

"तारा वितळवून कांब करत्यात."

"तुझ्या चुलीवर?"

दोघंतिघं हसले, आणि हसल्याबद्दल त्यांनाच राग आला. मच्छिंद्रनं गोळी मुठीत धरली. "सोमवारी पोलीस ठेसनात देतो ही. चोरीचा गुन्हा लागला की बंदूक जमा. मंग बसा कोठडीतली फरशी घासत."

"साळवे, सांगून टाका ना कुठून आणलं," वनरक्षक वैतागून म्हणाला. "एका वाक्याचं काम आहे."

कृपादान बंदूक खांद्याला लावून निघून गेला.

ते एक वाक्य त्याच्याकडे होतं. मच्छिंद्रसमोर उच्चारता येत नव्हतं. काही वर्षांपूर्वी मच्छिंद्रचा धाकटा भाऊ बन्सी विहिरीवर मोटारीच्या स्टार्टरला चिकटून मेला. लोखंडी पेटी, ओले हात. सप्लाय तोडायला कृपादानच गेला होता. पेटीवर मिटलेली मूठ त्यानंच सोडवली. आई मातीत लोळत होती. कृपादान उभा राहिला आणि मच्छिंद्रला म्हणाला, "आर्थिंग न्हाई. ईजनं न्हाई मारला ह्याला. तुमी मारला." मग जमलेल्यांना हात वर करून दाखवलं, की पेटीला लावायचा तर हात पालथा लावा, तळव्यानं धरलं तर वीज मूठ मिटवते. सगळं खरं होतं. तेव्हापासून ढवळ्यांच्या घरातलं कुणी त्याच्या उंबऱ्याला शिवलं नाही.

बंदूक गेली तर वडिलांचं शेवटचं काही जाणार होतं, आणि वाडीला त्याच्या फाटकाशी आणणारं एकमेव कारणही. खड्डा दाखवला तर 'तुमी मारला' हे वाक्य त्याच्यावरच उलटणार होतं. तो बंदूक द्यायला तयार होता.

रविवारी दुपारी सून सारा फरशी पुसून, ओल्या अनवाणी पायांनी फ्रिज उघडायला गेली आणि किंचाळली. दुधाचं पातेलं पडलं.

"मामा, फ्रिज चावला."

"चप्पल घाल."

सारा दंड चोळत त्याच्याकडे बघत राहिली. फरशीखाली काय आहे, काय नाही, ते तिला माहीत होतं. "चप्पल घाल? गावाला असंच सांगत होता का? कुत्र्यासाठी खड्डा उपसलात. माझ्यासाठी तोंड तरी उघडा."

"पाईप आनतो उद्या."

"उद्या ते ठेसनात चाललेत. आज दाखवा खड्डा."

"त्याला न्हाई."

"का?"

"त्याला न्हाई, म्हनलं ना!"

सारानं चप्पल घातली आणि ती ढवळ्यांच्या रानाकडे चालू लागली.

मच्छिंद्र दोन माणसं घेऊन आला. सारानं मागच्या भिंतीशी नेऊन फरशी सरकवली. आत कोळसा, मिठाचा पांढरा थर, आणि कशालाच न जोडलेल्या हिरव्या वायरीचं टोक. तिनं कांबेचा उरलेला तुकडा आणून ठेवला. मच्छिंद्रनं गोळी त्याच्याशी लावून पाहिली आणि उकिडवा बसून राहिला. बरोबरच्यांना हसायचं होतं. त्याचं तोंड पाहून ते थांबले.

कृपादान पाण्याच्या टाकीपाशी उभा होता.

"आर्थिंग न्हाई," मच्छिंद्र खड्ड्याकडे बघतच म्हणाला. मग मान वर केली. "ही पोर मेली असती तर आमी काय म्हनायचं हुतं, वायरमन? तुमच्याच तोंडानं सांगा."

कृपादाननं टाकीचा ठिबकणारा नळ आवळला.

"मी मारली, असं."

"व्हय."

मच्छिंद्रनं गोळी फरशीवर ठेवली आणि तो गेला. ठेसनात कुणी गेलं नाही.

सोमवारी कृपादाननं जामखेडहून लोखंडी पाईप, मीठ आणि कोळसा आणला. खड्डा आणखी खोल करायला घेतला. त्याला धाप लागत होती. मच्छिंद्र पलीकडच्या बांधावर हाताची घडी घालून उभा होता. मदतीला आला नाही, गेलाही नाही. पाईप बसला, वायर जोडली, पाणी ओतलं, तेव्हा तो बांध उतरून आला. दाराशी चपला काढल्या आणि बन्सी गेल्यापासून पहिल्यांदाच त्या घरात शिरला. फ्रिजपुढं उभा राहिला. हात पालथा केला आणि फ्रिजच्या दाराला लावला. बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"न्हाई चावत," म्हणाला.

सारानं पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यानं घेतला नाही. चपला घालून फाटकापर्यंत गेला आणि तिथं, कृपादानकडे पाठ करूनच बोलला.

"मका अजून उभा हाय. डुकरं येत्यात."