पंख्याचं शून्य

मित्रांनो, धरणगावला आमच्या कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसातला लिनक्सचा संगणक आज जळाला.

पहिल्या दिवसापासून मदरबोर्डचे आकडे चुकीचे येत होते. बारा व्होल्टच्या जागी नऊ, पंख्याचा वेग शून्य. झाकण उघडलं तर पंखा फिरताना दिसायचा. सेटिंगची फाइल पाच वेळा बदलली, फरक पडला नाही. शेवटी आमच्या मुनीमजींना, नानांना, मीच सांगितलं, "हे शून्य खोटं आहे, लक्ष देऊ नका."

आज दुपारी नाना म्हणाले, "भाऊ, जळेल वास ई ऱ्हायना."

जळका वास मलाही आला. झाकण उघडलं, तर कापसाची उडती रुई अडकून पंखा थांबला होता.

"मंग स्क्रीनवर काय व्हतं?"

"शून्यच, नाना."

ते गाठींची वजनं पुन्हा हाताने लिहायला बसले.

तुमच्यापैकी कोणाला हे आकडे खरे करता आले का? मला आता उपयोग नाही, तरी विचारतो.